सांगलीचे हजारे, बडोद्याचे हजारे

क्रिकेटच्या लिलावाचे दिवस आले की आमच्या सांगली-साताऱ्याकडच्या घरांतूनही कोटींचे आकडे ऐकू येऊ लागतात. ज्यानं आयुष्यात लाखाचा चेकही फाडलेला नाही असा माणूस अमक्या खेळाडूला चौदा कोटी जास्त झाले, तमक्याला आठ कमी पडले, असं चहा पिता पिता सांगत असतो. २००८ साली मुंबईत पहिला लिलाव झाला तेव्हा अनेकांना धक्का बसला होता. माणसांची बोली लावतात म्हणजे काय! त्याच्या पाच वर्षं आधी, २००३ साली, रोमान अब्रामोविच नावाच्या रशियन धनिकानं लंडनचा चेल्सी हा फुटबॉल क्लब विकत घेतला आणि पैशाच्या जोरावर देशोदेशीचे खेळाडू तिथं आणून बसवले. तेव्हाही खेळाचा आता बाजार झाला, अशीच हळहळ व्यक्त झाली होती.

मला या हळहळीची थोडी गंमत वाटते. कारण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात हेच सारं आपल्याकडे राजरोस चालू होतं. फक्त संघाच्या मालकाला तेव्हा मालक म्हणत नसत, महाराज म्हणत. बोली जाहीर लागत नसे, बोलावणं येई. आणि ज्यांना असं बोलावणं आलं त्यांतला सगळ्यांत मोठा, निदान माझ्या मते सगळ्यांत मोठा, फलंदाज आमच्या सांगलीत जन्मलेला होता. विजय सॅम्युअल हजारे.

खेळाडू पदरी ठेवणं ही गोष्ट कृष्णाकाठच्या माणसाला नवी नाही. पैलवानाचा खुराक ही गरीब घराला न झेपणारी बाब. दूध, तूप, बदाम यांचा खर्च दरबारानं उचलायचा, पैलवानानं तालमीत घाम गाळायचा आणि मैदानात दरबाराचं नाव राखायचं, हा अलिखित करार होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं आणि लांबलांबचे मल्ल आश्रयाला आणले, ते याच रीतीला धरून. पुढे संस्थानिकांना क्रिकेटचा नाद लागला तेव्हा त्यांनी हीच रीत उचलली. पतियाळाचे महाराज परदेशी खेळाडू शिकवायला आणत. विजयनगरमच्या महाराजकुमारांनी १९३०-३१ च्या हंगामात हॉब्ज आणि सटक्लिफ या इंग्लंडच्या जगप्रसिद्ध सलामीच्या जोडीला हिंदुस्थानात खेळायला आणलं. नवानगरच्या जामसाहेबांनी वेन्स्ली हा इंग्लिश खेळाडू आणला, विनू मांकड नावाचा पोरगा पुढे केला आणि १९३६-३७ साली रणजी करंडक जिंकला.

यात दोन जातींचे संस्थानिक होते. एकांना स्वतःच खेळायचं असे. विजयनगरमचे महाराजकुमार त्यांतले. १९३६ साली ते इंग्लंडला गेलेल्या संघाचे कर्णधार झाले, आणि लाला अमरनाथसारख्या खेळाडूला दौऱ्याच्या मध्यातून घरी धाडण्यात आलं. त्या कर्तबगारीची चर्चा अजून संपलेली नाही. दुसऱ्या जातीच्या राजांना आपल्या मर्यादा ठाऊक होत्या. ते मैदानाबाहेर बसत आणि खेळणारी माणसं शोधत. हजारे यांच्या नशिबानं त्यांना आयुष्यात दोनदा दुसऱ्या जातीचे राजे भेटले.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा. घर मराठी ख्रिस्ती. वडील शाळामास्तर आणि घरात आठ मुलं. एवढं सांगितलं की बाकीचं चित्र आपल्याकडच्या वाचकाला वेगळं काढून दाखवावं लागत नाही. मास्तरांचा पगार त्या काळी किती असे आणि आठ ताटं वाढायची म्हणजे काय, हे अनेक घरांत आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं. तेव्हाची सांगली म्हणजे पटवर्धनांचं नीटनेटकं छोटं संस्थान. गणपतीचं देऊळ, कृष्णेचा घाट, नाटकाची परंपरा, १९१९ साली निघालेलं विलिंग्डन कॉलेज, शेजारी मिरजेला डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल. गाव सुसंस्कृत खरं. पण क्रिकेट खेळून पोट भरेल अशी सोय गावात नव्हती. तशी ती मुंबई-पुण्यातही फारशी नव्हती. रणजी सामना खेळून त्या काळी कुणाचं घर चालत नव्हतं. खेळायचं तर नोकरी हवी, आणि नोकरी अशी हवी की सामन्यासाठी चार दिवस सोडणारा साहेब हवा. असा साहेब हिंदुस्थानात एकाच ठिकाणी मुबलक मिळे, राजवाड्यात.

पहिलं बोलावणं आलं ते माळव्यातून. देवास संस्थानाच्या दोन पाती होत्या, थोरली आणि धाकटी. गाव एकच, राजे दोन. थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार हे तरुण आणि क्रिकेटवेडे. त्यांनी हजारे यांना आश्रय दिला. त्यामुळे १९३५-३६ पासून हजारे मध्य भारताच्या संघातून खेळलेले दिसतात. मूळचा महाराष्ट्र संघही होताच. त्या संघाकडून ते १९३४-३५ साली पहिल्यांदा उतरले होते.

महाराजांनी नुसती नोकरी दिली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. त्यांनी त्याहून मोठी गोष्ट दिली. क्लॅरी ग्रिमेट हा ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनचा महान गोलंदाज, कसोटीत दोनशे बळी मिळवणारा जगातला पहिला, त्या सुमारास हिंदुस्थानात शिकवायला आलेला होता. हजारे यांना त्याच्या हाताखाली पाठवण्यात आलं. हजारे यांची फलंदाजीला उभं राहण्याची ढब विचित्र होती. बॅट दोन पॅडच्या मधे धरून ते उभे राहत. पुस्तकी शिक्षकाला ते पाहून घाम फुटावा. एखाद्या उत्साही मास्तरानं पहिल्याच दिवशी ती ढब मोडून काढली असती, आणि तिच्याबरोबर कदाचित फलंदाजही. ग्रिमेटनं तिला हात लावला नाही. चेंडू बॅटवर येतोय ना, मग राहू दे, असा हा शहाणपणा. गोलंदाजीत मात्र त्यानं पुष्कळ शिकवलं. हजारे यांना आपण फलंदाज म्हणून ओळखतो, पण प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांच्या नावावर ५९५ बळी आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता महाराष्ट्राकडे वळू. तेव्हा महाराष्ट्राचे कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे, पन्नाशीला टेकलेले, पण १९४०-४१ च्या हंगामात मुंबईविरुद्ध २४६ धावा काढणारे. त्यांच्या हाताखाली महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यातल्या पहिल्या हंगामात पुण्याला एक सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध बडोदा. हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचं ते पहिलं त्रिशतक. नवव्या गड्यासाठी नगरवाला यांच्याबरोबर त्यांनी २४५ धावांची भागी केली. समोरचे आठ गडी गेलेले, प्रतिपक्षाला डाव संपल्याचे वेध लागलेले, आणि हा मितभाषी माणूस आणखी अडीचशे धावांची भर घालून उभाच!

ज्या संघाला त्यांनी असं झोडपलं त्याच्या मालकाकडे त्याच वर्षी नवं माणूस आलं होतं. सयाजीराव महाराज फेब्रुवारी १९३९ मध्ये निवर्तले आणि नातू प्रतापसिंहराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले. साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या काळात उदयाला आलेलं हे घराणं. पण विसाव्या शतकात साताऱ्याची गादी केवळ मानाची उरली होती आणि बडोदं देशातल्या सगळ्यांत श्रीमंत संस्थानांत मोडत होतं. आजोबांनी तो पैसा शाळा, ग्रंथालयं आणि विद्वान यांच्यावर खर्च केला. नातवाला खेळाची आणि शर्यतीच्या घोड्यांची ओढ.

प्रतापसिंहरावांचा घोड्यांचा सौदा एकदा पाहण्यासारखा आहे. १९४५ साली त्यांनी इंग्लंडात एक शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. त्या वयाच्या घोड्याला तोवर एवढी किंमत कुणी दिली नव्हती. त्याला नाव दिलं आजोबांचं, सयाजीराव. (आजोबांना हे कितपत आवडलं असतं कोण जाणे!) १९४७ साली या सयाजीरावानं आयरिश डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर या दोन्ही शर्यती मारल्या. त्याच वर्षी बडोद्यानं रणजी करंडकही जिंकला. दोन्हीमागे मला एकच डोकं दिसतं. उत्तम जनावर असो की उत्तम माणूस, ते हेरावं, पैशाकडे न पाहता आणावं आणि मग त्याला त्याचं काम करू द्यावं.

क्रिकेटच्या बाबतीत हे काम कसं चाललं ते संघाची यादी पाहिली की कळतं. लेगस्पिनर सी. एस. नायडू, म्हणजे कर्नल सी. के. नायडूंचे धाकटे बंधू, बडोद्याकडे आले. पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी तिथंच होते. कोल्हापूरचे रावसाहेब निंबाळकर यष्टिरक्षणाला. लाहोरहून अमीर इलाही आले. लाहोरहूनच गुल महंमद आला, ठेंगणा, डावखुरा, क्षेत्ररक्षणात चित्त्यासारखा. आणि १९४१-४२ पासून हजारे. ज्यानं आपल्याला त्रिशतक ठोकलं त्यालाच आणावं, यापरती साधी निवड कोणती! त्यांना बडोद्याच्या लष्करात हुद्दा मिळाला. मास्तरांच्या मुलाला आयुष्यभराची निश्चिंती मिळाली. पाठोपाठ त्यांचे भाऊ विवेक हेही बडोद्याकडून खेळू लागले.

नुसते नामवंत गोळा करणं म्हणजे संघ बांधणं नव्हे, हे आजच्या मालकांनाही कोट्यवधी घालवल्यावर कळतं. बडोद्याच्या निवडीत मला हिशेब दिसतो. दोन लेगस्पिनर, एक दिवसभर तंबू ठोकून बसणारा फलंदाज, एक वेगानं धावा करणारा डावखुरा, एक भरवशाचा यष्टिरक्षक. त्या काळच्या पाटा खेळपट्ट्यांवर सामना जिंकायचा तर समोरच्यापेक्षा जास्त वेळ फलंदाजी करणारे आणि कंटाळा न करता चेंडू वळवत राहणारे हवेत. बडोद्यानं नेमके तेच जमवले. १९४२-४३ साली पहिला रणजी करंडक आला.

स्पर्धाही तशीच होती. इंदूरला यशवंतराव होळकरांनी सी. के. नायडूंच्या हाताखाली मुश्ताक अली, सरवटे असे मोहरे जमवले होते. बडोद्याचे सी. एस. नायडू १९४४ मध्ये तिकडे गेले. आजच्या भाषेत ‘ट्रान्सफर’. गेल्याबरोबर त्यांनी मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात ९१७ चेंडू टाकले! युद्धामुळे महूच्या छावणीत आलेला डेनिस कॉम्प्टनही होळकरांनी त्या सामन्यात खेळवला आणि त्यानं नाबाद २४९ केल्या. सामना तरीही मुंबईनंच जिंकला. १९४५ ते १९५५ या अकरा वर्षांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोचला. एक वर्ष राहिलं, १९४८-४९ चं. त्या वर्षी अंतिम फेरीत होतं बडोदं.

या सगळ्यात नुकसान कुणाचं झालं? सरळ उत्तर आहे, महाराष्ट्राचं. हजारे बडोद्याला गेले त्या आधीच्या हंगामात महाराष्ट्रानं जिंकलेला रणजी करंडक ऐंशीहून अधिक वर्षं उलटली तरी पुन्हा आलेला नाही. एका माणसाच्या जाण्यानं हे झालं असं म्हणणं वेडेपणाचं ठरेल. पण पुण्या-सांगलीची पोरं तयार करायची आणि पिकं दुसऱ्यानं कापून न्यायची, ही तक्रार आमच्याकडे जुनी आहे. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनीही बडोदं, महाराष्ट्र आणि पुढे होळकर अशी मुशाफिरी केली. महाराष्ट्राकडून खेळताना डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात त्यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर आला होता. समोरच्या संघाचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब. आपल्याविरुद्ध असा विक्रम व्हावा हे त्यांच्या मानी स्वभावाला मानवेना, त्यांनी सामनाच सोडून दिला. राजाश्रयाची ही दुसरी बाजू. राजा खूश तर आयुष्याची सोय, राजाची मर्जी फिरली तर नऊ धावाही मिळत नाहीत. भाऊसाहेबांना कसोटीचं बोलावणं कधीच आलं नाही.

हजारे यांना दोष द्यायला माझी जीभ मात्र रेटत नाही. आठ भावंडांतल्या एकानं, शाळामास्तरच्या मुलानं, आयुष्यभराची भाकरी आणि रोज खेळायला मोकळीक एकाच ठिकाणी मिळत असताना काय करायला हवं होतं? मातृभूमीचा संघ ही मोठी गोष्ट आहे. पण ती महिन्याच्या एक तारखेला पगार देत नव्हती.

हजारे यांच्या वाट्याला आणखी एक गंमतशीर एकटेपणा होता. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावर ठरत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि यांत न बसणाऱ्यांचा ‘रेस्ट’. ख्रिस्ती हजारे या उरल्यासुरल्यांच्या संघात. डिसेंबर १९४३ ची अंतिम लढत घराघरांत सांगितली गेली पाहिजे अशी आहे. हिंदूंकडून विजय मर्चंट नाबाद २५०, संघाच्या ५८१. रेस्टचा पहिला डाव १३३ त गुंडाळला, त्यात हजारे ५९. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात संघाच्या धावा ३८७, त्यांतल्या एकट्या हजारे यांच्या ३०९. भाऊ विवेक बरोबर ३०० धावांची भागी झाली, तीत विवेकचा वाटा अवघा २१ च्या आतला. थोरला धावा काढतोय आणि धाकटा नुसता टेकू देऊन उभा आहे. शेतात मोट चालवताना एकानं बैल हाकावेत आणि दुसऱ्यानं दोर धरून राहावं, तसं. रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले. पण तो सामना आठवतो तो हरणाऱ्यासाठी.

बडोद्यात मात्र धर्माची ही विभागणी नव्हती. महाराजांना फक्त कोण किती खेळतो एवढंच पाहायचं होतं. यातून जे घडलं ते मार्च १९४७ मध्ये. बडोद्याला रणजीचा अंतिम सामना, समोर होळकर. दोन धनाढ्य मराठा दरबारांनी जमवलेले दोन संघ. होळकर २०२ त बाद. बडोद्याचे तीन गडी ९१ वर गेले आणि गुल महंमद व हजारे एकत्र आले. ते सुटले तेव्हा धावफलकावर ५७७ ची भर पडलेली होती. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोदं एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकलं. कुठल्याही गड्यासाठी जगातली ती सर्वांत मोठी भागी ठरली. २००६ साली कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी तिसऱ्या गड्यासाठी ६२४ धावा करेपर्यंत, म्हणजे ५९ वर्षं, ती कुणाला ओलांडता आली नाही. चौथ्या गड्यासाठी ती आजही पहिलीच आहे.

तारखा पाहा. सामना ७ मार्चला सुरू झाला. त्याच्या तीनच दिवस आधी लाहोरात दंगली पेटल्या होत्या. पंजाब जळू लागला होता. गुल महंमद लाहोरचा. दुसऱ्या टोकाला सांगलीचा ख्रिस्ती. समोर गोलंदाजीला नायडू, सरवटे. पाच महिन्यांत देशाचे दोन तुकडे व्हायचे होते, आणि एका राजाच्या खर्चानं एकत्र आलेली ही दोन माणसं एकमेकांच्या हाकेवर विश्वास ठेवून धावत होती. त्यानंतर अमीर इलाही पाकिस्तानात गेले आणि १९५२ साली पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा भारतात आला तेव्हा त्या बाजूनं खेळले. गुल महंमद त्या मालिकेत भारताकडून खेळला. पुढे तोही पाकिस्तानी झाला आणि १९५६ साली त्या देशाकडून एक कसोटी खेळला. राजांच्या यादीतली नावं अशी दोन देशांत वाटली गेली.

१९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात हजारे यांनी जे केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. जानेवारी १९४८, ॲडलेड. समोर लिंडवॉल आणि मिलर. पहिल्या डावात ११६, दुसऱ्यात १४५. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत हरला, तोही डावानं. या माणसाचे मोठे डाव पराभवाच्या खात्यात जमा व्हायचे, हे जणू ठरूनच गेलं होतं. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की त्याच सामन्यात २०१ धावांवर ब्रॅडमनचा त्रिफळा उडवणारा गोलंदाजही हजारेच, आणि त्याआधी सिडनीत ब्रॅडमनला १३ वर त्रिफळाबाद करणाराही तोच. ग्रिमेटची शिकवणी ग्रिमेटच्याच देशात वसूल झाली.

दरम्यान राजे गेले. बडोदं १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. १९५१ मध्ये प्रतापसिंहरावांना पदावरून दूर करण्यात आलं. ज्यानं बोलावलं तोच गादीवर राहिला नाही. हजारे यांना आता कुठलंही दार उघडं होतं. ते बडोद्यातच राहिले. महाराष्ट्राकडे परतले नाहीत, मुंबईकडे गेले नाहीत. १९४९-५० साली बडोद्यानं पुन्हा करंडक जिंकला, १९५७-५८ साली आणखी एकदा. तेव्हा हजारे त्रेचाळिशीला आले होते. १९६०-६१ पर्यंत ते त्याच संघाकडून खेळत राहिले. याला निष्ठा म्हणायचं की सवय? मला वाटतं, ज्याला पोटासाठी गाव सोडावं लागतं तो नव्या गावाला जरा जास्तच घट्ट धरून राहतो.

१९५१-५२ साली त्यांच्याकडे भारताचं कर्णधारपद आलं. इंग्लंडविरुद्ध दिल्लीत नाबाद १६४, मुंबईत १५५. आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला एक डाव आणि ८ धावांनी विजय. भारताचा पंचविसावा कसोटी सामना आणि पहिला विजय. मांकड यांचे बारा बळी, पंकज रॉय आणि उम्रीगर यांची शतकं, कर्णधार सांगलीचा. गावात त्यांची मिरवणूक काढावी अशी ही गोष्ट. पण मिरवणुकीचा हा माणूसच नव्हे. मुळात संकोची, बोलणं कमी. हुकूम सोडणं त्यांच्या अंगात नव्हतं. कर्णधारपदानं त्यांची फलंदाजी आखडली असं जाणकार म्हणत आले आहेत आणि ते मला पटतं.

त्याच उन्हाळ्यात इंग्लंडचा दौरा. राजे संपल्यावर खेळाडूंना आता इंग्लंडमधल्या लीगच्या क्लबांचा पगार हा नवा आधार होता. मांकड हॅसलिंग्डन क्लबशी करारानं बांधलेले, म्हणून लीड्सच्या पहिल्या कसोटीत ते नव्हते. तिथं दुसऱ्या डावात ट्रुमन नावाच्या नवख्या गोलंदाजापुढे भारताचा फलक शून्यावर चार बाद असा होता. जगात असं आधी कधी घडलं नव्हतं. हजारे उतरले, ५६ धावा केल्या, फडकरांबरोबर डाव सावरला. पहिल्या डावात ८९ केल्याच होत्या. सामना गेला, मालिका ३-० अशी गेली. मालिकेत कर्णधाराच्या स्वतःच्या धावा ३३३.

लीड्सची ही कसोटी जूनची. पुढच्याच महिन्यात, २३ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकीला साताऱ्याच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक जिंकत होते. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं होतं. मात्र त्याआधी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबांना कोल्हापूरच्या महाराजांनी पाठवलं होतं. ते महाराज कोण? १९४७ साली कोल्हापूरला दत्तक आलेले शहाजी महाराज, म्हणजेच पूर्वीचे देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार. ज्यांनी सांगलीच्या पोराला ग्रिमेटपुढे उभं केलं त्यांनीच साताऱ्याच्या पोराला लंडनच्या बोटीवर चढवलं. हा दुवा आमच्या दोन्ही जिल्ह्यांत फारसा कुणी सांगत नाही. चार वर्षांत राजाची जागा कर्ज काढणाऱ्या प्राचार्यानं घेतली होती.

हजारे १९५३ साली शेवटची कसोटी खेळले. तीस कसोटी, २१९२ धावा, सात शतकं. प्रथम श्रेणीत १८,७४० धावा आणि साठ शतकं. १९६० साली पद्मश्री मिळाली. जसू पटेल यांच्यासह हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. नंतर काही काळ निवड समितीत. १८ डिसेंबर २००४ रोजी वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर ते बडोद्यातच गेले.

देशातल्या राज्यांच्या एकदिवसीय सामन्यांच्या स्पर्धेला आता त्यांचं नाव आहे. त्या विजय हजारे करंडकाच्या अंतिम फेरीत महाराष्ट्र डिसेंबर २०२२ मध्ये पोचला होता. ऋतुराज गायकवाडनं त्या स्पर्धेत एका षटकात सात षटकार मारले आणि अंतिम सामन्यात शतकही केलं. तो सामना महाराष्ट्र हरला सौराष्ट्राकडून, म्हणजे जुन्या नवानगर-काठियावाडच्या मुलखाकडून.